मोटर रुळेपर्यंत

१ मार्च, रविवार

मिळाली! माझी, स्वतःची मोटर! अंगठ्याएवढी आहे, चकचकीत, सीलबंद. उशाशी ठेवलीय. हसा खुशाल!

इतकी वर्षं दादाच्या क्लबात जाते, पण गाडी चालवायला नाही — पडलेल्या उचलायला. ट्रॅकमध्ये सहा खाचा, प्रत्येक खाचेत एकेक वीतभर गाडी. वळणावर कुणी हातातल्या कंट्रोलरचा ट्रिगर जास्त दाबला की गाडी खाचेतून उडते. मग वळणावर उभ्या माणसाने ती झेलायची, परत खाचेत बसवायची, आणि हात मागे. त्याला मार्शल म्हणतात. नाव मोठं, लक्षण खोटं! दादा कप्तान, कप्तानाची बहीण मार्शल. ट्रॅकखालच्या टेबलाइतकीच सगळ्यांना माझी सवय झालीय.

आज दादाने निवडीचे नियम वाचले. बाकीच्या क्लबांशी मोठी शर्यत मे महिन्यात. आपल्याकडून जाणार चौघं. "कोणाकोणाला उतरायचंय?" पाच हात वर. सहावा माझा. माझ्याच हाताकडे मी बघत राहिले!

डॉक्टर (दातांचे आहेत, पण क्लबात सगळ्याच बाबतीत डॉक्टर) खोखो हसले. दादा हसला नाही. "मग मार्शल कोण?" म्हणाला. मी म्हटलं, "ज्याची पाळी नसेल तो."

नियम असा — सगळ्यांना एकाच खोक्यातली नवी मोटर, डोळे मिटून उचलायची. उघडायची नाही, आत काही करायचं नाही. फक्त रुळवायची. मग २९ तारखेला शर्यत. "कप्तानालाही हाच नियम!" दादाने छाती पुढे काढून सांगितलं. आणि घरी येताना मला वेगळं — "घरात मोटरीचा विषय काढायचा नाही. उद्या कुणी म्हणायला नको, बहिणीला शिकवलं."

शिकव म्हटलंय कोणी!

३ मार्च

मोटर रुळवायची म्हणजे काय ते आज वहिनीला समजावलं. आत एक गोल फिरतं, त्याला दोन कार्बनचे ब्रश टेकतात. नव्या मोटरीत ब्रश सपाट, आणि ते फिरणारं गोल. नुसतं टोकाला टोक लागतं. मोटर मंद वीज देऊन, गाडीचं ओझं न लावता, आरामात फिरवत ठेवली की ब्रश घासून घासून त्या गोलाईत बसतात. मग वीज नीट जाते. घाई केली तर ठिणग्या उडून खड्डे पडतात, आणि ते काही परत भरत नाहीत.

वहिनी म्हणाली, "नव्या सुनेसारखंच की! पहिल्याच दिवशी तीस पानांचा स्वयंपाक सांगितला की झालं कल्याण."

मला तर हे दुकानातलंच काम वाटतं. मी चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासते. फ्रेमच्या आकाराला काच बसवायची, तर शेवटचा केसभर भाग अगदी हळू. दाबलं की टवका गेला.

प्रश्न एवढाच — मोटर आहे बारा व्होल्टची. तिला आधी दोन-तीन व्होल्टच द्यायचे, तेही एकसारखे. आणायचे कुठून? डॉक्टरांकडे खास यंत्र आहे. दोन खुंट्या, लाल आकडे, हवे तेवढे व्होल्ट. मी किंमत विचारली आणि लगेच हवापाण्याच्या गप्पा सुरू केल्या.

४ मार्च

दोन सेल! इतकं सोपं होतं! दीड आणि दीड तीन. चिकटपट्टीने वायरी लावल्या, मोटर फडक्यावर ठेवली — आणि फिरली! बारीक गुणगुण. कानाशी धरून बसले किती वेळ.

जेवताना आई — "रिमोट का चालेना गं?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी ताटाकडे.

६ मार्च

सेल म्हणजे उत्साही पाहुणे. आल्याआल्या दंगा, संध्याकाळपर्यंत आडवे! सकाळी मोटरीचा आवाज चढा होता, दुकानातून आले तर रडतमरत चाललेली. एकसारखं कसलं ते. आणि रोज नवे सेल आणायचे तर त्यापेक्षा डॉक्टरांचं यंत्र परवडलं.

आई म्हणते, घरात डास झालेत. रात्रंदिवस गुणगुण ऐकू येते.

७ मार्च

फोनचा जुना चार्जर कापला. पाच व्होल्ट, ढिम्म हलत नाहीत. पण सुरुवातीलाच पाच म्हणजे जरा जास्तच. पुढच्या पायरीला छान.

७ मार्च, नंतर

तो जुना चार्जर नव्हता. वहिनीचा होता. चालू होता!

१० मार्च

माळ्यावर बाबांच्या रेडिओचा अडॅप्टर सापडला. त्यावर सरकती खुंटी — तीन, साडेचार, सहा, असे बारापर्यंत. मला वाटलं, हे तर डॉक्टरांच्या यंत्राचं गरीब भावंड! नाचतच खाली आले. तेवढ्यात काय सुचलं, आधी व्होल्ट मोजायचा मीटर लावून पाहिला. खुंटी तीनवर, आणि मीटर दाखवतोय पाचाच्याही वर! दोनदा पाहिलं, तेच. रेडिओसारखं काही ओढणारं जोडलं असेल तर म्हणे खाली येतो. मोकळी मोटर ती काय ओढणार? वरून कीर्तन आणि आतून तमाशा! ठेवला परत माळ्यावर.

नशीब, मोटर लावली नव्हती. स्वतःची पाठ थोपटली. दुसरं कोण थोपटणार?

१२ मार्च

पकडला! पकडला!

आज वहिनीची स्कूटर सुरू होईना. पोहायला शिकवायला जाते ती, तलावावर बायका वाट बघत उभ्या. लाथ मारते, ढकलते, घोडं पेंड खातंय. मी सीट उचलून पाहिलं तर बॅटरी गायब. मला वासच आला. मागच्या गॅलरीत, बादल्यांच्या मागे, गोणपाटाखाली — स्कूटरची बॅटरी, मध्ये एक बल्ब जोडलेला, आणि पुढे दादाची मोटर गुणगुणतेय! बल्ब थोडी वीज खातो आणि मोटरीला कमी पोहोचते. युक्ती झकास आहे, मान्य. लिफ्ट दुरुस्त करतो शेवटी. पण चोरी ती चोरी!

वहिनीने दोघांना ओट्याशी उभं केलं. "एकीने चार्जर कापला, एकाने बॅटरी काढली. उद्या माझ्या गळ्यातली शिट्टी काढून न्याल!" दादा आणि मी एकमेकांकडे न बघता उभे. मग मला हसू फुटलं, मग त्याला. लहानपणी आई रागवायची तेव्हाही अस्संच व्हायचं. किती दिवसांनी हसलो असे!

आई म्हणाली, "म्हणजे डास नव्हते तर."

१५ मार्च, रविवार

क्लब. डॉक्टरांची मोटर त्यांच्या यंत्रावर पहिल्या दिवसापासून कशी शाही रुळतेय, हे सगळ्यांना ऐकवून झालं. माणूस फुशारकी मारतो, पण मनाने दिलदार. जाताना हळूच म्हणाले, "आठवडाभर नेतेस माझं यंत्र? माझं काम होत आलंय."

जीभ "हो" म्हणायला निघाली होती. पण मग मी जिंकले तरी म्हणणार — यंत्र डॉक्टरांचं होतं हं! "नको, माझी सोय आहे," म्हटलं.

सोय! कसली डोंबलाची सोय!

१६ मार्च

सोय झाली!! खरंच झाली!

दुकानात आज बिलांचा नवा कॉम्प्युटर आला. जुना दाराबाहेर. बसवायला आलेला माणूस चहा पीत होता, त्याला सहज विचारलं, याच्यात वीज कशी येते हो? त्याने मागची पत्र्याची पेटी काढून दाखवली. "ही चांगली आहे की. हिच्यातून तीन तऱ्हेची वीज निघते — नारिंगी वायरला साडेतीनहून जरा कमी, लाल वायरला पाच, पिवळीला बारा. काळी सगळ्यांची परतीची." मी पेला हातात धरून बघतच राहिले. तीन, पाच, बारा! मोटर रुळवायच्या पायऱ्याच कुणी रंगवून ठेवल्यात!

हिरवी वायर काळीला जोडली की पेटी सुरू होते, तेही दाखवलं. वर दम दिला — "पेटीचं झाकण उघडायचं नाही. बंद असली तरी आत वीज साठलेली असते." नाही बाबा उघडत!

मालकीणबाईंना विचारलं, नेऊ का? "ने बाई, तेवढीच अडगळ कमी!"

बसमध्ये मांडीवर घेऊन आले. शेजारची बाई विचारते, काय आहे? मी म्हटलं, "वीजघर."

१८ मार्च

नारिंगीवर टाकली. मीटर लावला — काटा जागचा हलत नाही. सकाळीही तेवढाच, संध्याकाळीही तेवढाच. पेटीचा पंखा इतका घरघरतो की मोटरीची गुणगुण बाहेर ऐकूच जात नाही. आणि दादाला वाटतं, मी अजून सेलवरच आहे! काल मुद्दाम त्याच्यासमोर रिमोटच्या झाकणाची उघडझाप केली.

थोडा वेळ फिरवायची, मग थांबवून मनगटाला लावून बघायची. कोमट चालेल, गरम नाही. मग विश्रांती. मोटरीला आणि मलाही.

करंट रोज थोडा उतरतोय. उतरला म्हणजे ब्रश बसतायत. आज शिट्टी वाजवत भाजी चिरली.

२१ मार्च

मेले.

आवाज जाऊ नये म्हणून खिडकी लावलेली, आणि खोलीतला बल्ब पिवळट. त्याच्या उजेडात नारिंगी वायर आणि पिवळी वायर सारखीच दिसते. दिवसभर शंभर चष्मे हाताखालून घालवणारी मी, आणि मला दोन रंग कळले नाहीत! नारिंगी समजून पिवळी लावली. तीनच्या जागी बारा. मोटर किंचाळलीच. मी वायर ओढेपर्यंत करपट वास सुटला होता.

पुन्हा नारिंगीवर लावली — या वेळी खिडकीशी नेऊन, उन्हात बघून. फिरते आहे, पण खरखरतेय. करंट कालच्या दुप्पट.

दुसरी मोटर मिळणार नाही. नियम आहे. दादाचा.

उशीत तोंड खुपसून रडले. एका मोटरीसाठी? हो, एका मोटरीसाठी! मला एकदा तरी त्या ट्रॅकच्या या बाजूला उभं राहायचंय.

२२ मार्च, रविवार

डोकं दुखतंय सांगून क्लबला गेले नाही. वहिनीला सगळं सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, जाऊ दे, पुढच्या वर्षी. ती म्हणाली, "माझ्या वर्गात एखादीच्या नाकातोंडात पाणी गेलं ना, की मी तिला घरी पाठवत नाही. त्याच दिवशी परत पाण्यात उतरवते. फक्त उथळ बाजूला. आणि पाण्यातच उभी ठेवते, भीती उतरेपर्यंत."

म्हणजे परत नारिंगी. नारिंगीला लाल दोरा बांधला, पिवळीवर चिकटपट्टी गुंडाळून टाकली. आता आंधळीही चुकणार नाही.

२४ मार्च

खरखर तशीच. दुकानात एका काचेचा टवका उडवला. मालकीणबाईंनी रागावण्याऐवजी टवका उचलून माझ्यापुढे ठेवला. ते जास्त लागलं.

२५ मार्च

उतरतोय! करंट उतरतोय! केसभर, पण उतरतोय!!

२७ मार्च

जीव भांड्यात पडला. खरखर गेली. कालपासून लालवर घेतली, पाच व्होल्टवर, आणि आवाज कसा — मांजर मांडीवर बसून करतं ना, तसा. खड्डे थोडे असणारच. डॉक्टरांच्या मोटरीएवढी ती धावायची नाही. पण सुरुवात इतकी मऊ घेते की काय सांगू! जराशी वीज दिली की चालायला लागते. धक्का नाही, हिसका नाही.

गाडीत बसवली. वहिनीने गाडीची पापी घेतली. वेडी आहे.

२९ मार्च, रविवार

काय लिहू आणि काय नको!

सहा जण. तिघं चालवणार, तिघं वळणावर मार्शल, मग अदलाबदल. सगळ्या फेऱ्यांची बेरीज, वरचे चौघं संघात. पहिल्यांदा कंट्रोलर हातात घेतला तेव्हा तळव्याला इतका घाम की तो निसटत होता. आई आणि वहिनी भिंतीशी खुर्च्यांवर. आईला वाटत होतं, गाड्या मोठ्या असतात.

डॉक्टर सुसाट. पहिला नंबर त्यांचाच, बाकीच्यांनी आशाच सोडली. माझी गाडी सरळ रस्त्यावर मागे पडायची, अगदी खरं. पण वळणावर! इतकी वर्षं त्याच वळणांवर उभी आहे मी. कुठली गाडी कुठे उडणार, ती उडायच्या आधी मला कळतं. आणि मोटर माझी इतकी मऊ की बोट जरा सैल केलं की ऐकायची. एकदाही उडले नाही. एकदाही!

शेवटच्या पाळीला दुसरा आणि तिसरा नंबर पक्के झालेले. चौथी जागा — दादा की मी? आणि आम्ही दोघं शेजारशेजारच्या खाचेत!

दादा पुढे होता. तो चालवतो ते बघण्यासारखं असतं, वळणातही बोट काढत नाही. उडाला तर उडाला, आहेच कोणीतरी उचलायला. आज लांबच्या वळणावर उडाला. तिथे डॉक्टर उभे. इतक्या लोकांचे दात काढलेला हात, पण गाडी सापडेचना! सापडली तर उलटी बसवली. गाडी मागे निघाली. "अहो उलटी! उलटी!" दादा ओरडतोय, डॉक्टर आणखी गोंधळतायत. मी माझ्या गाडीवरून नजर काढली नाही. पण हात — माझा डावा हात आपोआप त्या वळणाकडे गेला होता. मी असते तर त्याचं बोट ट्रिगरवरून उठायच्या आत गाडी खाचेत असती.

एका वळणाच्या फरकाने. मी चौथी. दादा पाचवा.

वहिनीने शिट्टी फुंकली ती क्लबाच्या आख्ख्या गोदामात घुमली. डॉक्टरांनी मला उचललंच. दादाने सांगितलं होतं त्यांना — "सेलवर रुळवलीस? सेलवर?" मी वीजघराची गोष्ट सांगितली, तर ते कपाळाला हात लावून हसत खाली बसले. आई डोळे पुसत विचारत होती, "हिचा नंबर आला ना? नक्की?"

आला गं आई! नक्की आला!

दादाने माझ्याशी हात मिळवला. "छान चालवलीस." मग कंट्रोलरची वायर गुंडाळायला लागला. बराच वेळ गुंडाळत होता.

३१ मार्च

दादा बोलत नाही. म्हणजे बोलतो — मीठ दे, दार लाव. कामावरून परस्पर कुठेतरी जातो, उशिरा येतो. वहिनीही नाही संध्याकाळी घरात. आईला विचारलं तर, "मला काय माहीत बाई."

२ एप्रिल

दादा हरला कारण वळणावर मी नव्हते. हे मला ठाऊक आहे, त्यालाही ठाऊक आहे. वर्षानुवर्षं क्लब त्याने चालवला. ट्रॅकची फळी अन् फळी त्याने स्वतः जोडली. आणि मोठ्या शर्यतीला तो नाही? मी कोण लागून गेले!

वहिनीला म्हटलं, जागा परत देते त्याला. ती असली भडकली! "खबरदार! जिंकलीस ना? मग तोंड पाडून कशाला हिंडतेस? भीक म्हणून दिलेली जागा तो घेईल असं वाटतं तुला? एवढाच ओळखलास भाऊ?" मग म्हणाली, "द्यायचीच असेल तर क्लबात जाऊन दे. त्याच्या तोंडावर. शनिवारी संध्याकाळी असेल तो तिथे."

ठीक आहे. देईन.

४ एप्रिल, शनिवार

गोदामाचा जिना चढताना वरून धडाधड आवाज. दार लोटलं. सहाही गाड्या ट्रॅकवर, वहिनी एका हातात कंट्रोलर, दुसऱ्यात घड्याळ घेऊन त्या एकेक करून मुद्दाम उडवतेय. आणि दादा लांबच्या वळणावर, बाह्या वर, घामाघूम — झेलतोय, बसवतोय, पुन्हा झेलतोय. "फार हळू! परत!" वहिनी ओरडली. मला बघून तो थांबला. धापा टाकत म्हणाला, "बरं झालं आलीस. मी इतक्या वेळा उडतो हे मला कधी कळलंच नव्हतं गं." मग आतल्या खाचेकडे बोट दाखवलं. "इथली गाडी हाताला येत नाही पटकन. मे महिन्यात वळणावर मी असणार. तुझी उडाली तर? दाखव, तू कशी उचलायचीस."